गाडी दुरुस्तीचे शिक्षण : खर्च आणि कमाई

गाडी दुरुस्तीच्या शिक्षणात फी हा बहुतेक वेळा लहान खर्च असतो. मोठा खर्च कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो. शिकण्याच्या काळात जी मजुरी मिळाली असती ती बुडते, हा तो खर्च. दहावी झालेला एक मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, दोन वर्षे जातो तेव्हा त्याच्याच वर्गातला दुसरा मुलगा गॅरेजवर लागून घरी थोडेफार पैसे देऊ लागलेला असतो. हा फरक हिशेबात धरला तरच शिक्षण खरोखर कितीला पडले ते कळते. घराघरांत चर्चा मात्र फीचीच होते. त्यामुळे स्वस्त दिसणारा अभ्यासक्रम पुढे महाग पडतो आणि 'एवढा वेळ कोण घालवणार' म्हणून सोडून दिलेला अभ्यासक्रम प्रत्यक्षात परवडणारा निघतो.

हे काम शिकण्याचा सर्वांत जुना रस्ता गॅरेजचा. उस्तादाच्या हाताखाली आधी पाने पुसायचे, टायर उतरवायचे, सुटे भाग डिझेलमध्ये धुवायचे. मग ब्रेक शू, क्लच केबल, चेन-स्प्रॉकेट, आणि उस्तादाची मर्जी बसली की इंजिन. फी नाही, उलट थोडे पैसे मिळतात. चौदा वर्षांखालील मुलाला असे कामाला ठेवणे मात्र गुन्हा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने ही मनाई सर्वच उद्योगधंद्यांना लागू केली. त्या वयाच्या पुढच्यांसाठी हा रस्ता आजही राज्यभर चालू आहे आणि हाताची सफाई इथे लवकर येते. उणीव एवढीच की उस्तादाला जे येते त्यापलीकडचे सहसा शिकायला मिळत नाही, आणि शिकल्याचा कागद तर मिळतच नाही.

दुसरा रस्ता आयटीआयचा. १९५० मध्ये केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, तिच्यावर ही सारी व्यवस्था उभी आहे. 'मोटार मेकॅनिक व्हेईकल' हा ट्रेड दोन वर्षांचा. डिझेल मेकॅनिक, दुचाकी-तीनचाकी मेकॅनिक आणि ट्रॅक्टर मेकॅनिक हे एकेका वर्षाचे. शासकीय आयटीआयची फी खासगी संस्थेच्या मानाने अगदीच किरकोळ असते. दोन वर्षांचा ट्रेड पुरा केलेल्याला तंत्रनिकेतनाच्या पदविकेत थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पदविका तीन वर्षांची असते आणि ती घेतलेला माणूस बहुधा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर किंवा सुपरवायझर होतो, पान्याला हात कमी लावतो. त्याखेरीज कौशल्य विकास योजनांतले काही महिन्यांचे मोफत अभ्यासक्रम आहेत आणि हजारो रुपये फी घेणाऱ्या खासगी संस्थाही आहेत. टोयोटा, मारुती सुझुकी यांसारख्या कंपन्या काही आयटीआयना आपली इंजिने, अवजारे आणि प्रशिक्षण देतात. अशा संस्थेत जागा मिळणे ही मोठी सोय, कारण तिथे शिकणाऱ्याच्या हाताला चालू बाजारातली गाडी लागते.

या सगळ्याला जोडून येते ती शिकाऊ उमेदवारी, अ‍ॅप्रेंटिसशिप. तिचा कायदा १९६१ चा. २०१९ मध्ये नियम सुधारले तेव्हा आयटीआय उत्तीर्ण उमेदवारासाठी महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरले, आणि ३० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. एस. टी. महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा व जिल्ह्याजिल्ह्यांतल्या विभागीय कार्यशाळा ही मोटार मेकॅनिकांच्या उमेदवारीची जुनी ठिकाणे. आयटीआयचे प्रमाणपत्र आणि उमेदवारीनंतरच्या परीक्षेचे प्रमाणपत्र ही जोडी सार्वजनिक क्षेत्रातल्या भरतीत उपयोगी पडते. म्हणून दोन वर्षांनंतरच्या त्या एका वर्षाला 'फुकट राबणे' समजणे चूक आहे.

हिशेबाची वही

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. आपल्या गावातले आकडे त्या जागी घातले की हिशेब आपला होतो.

समजा, दहावीनंतर एक मुलगा थेट गॅरेजवर लागला. पहिल्या वर्षी महिना ४,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ७,००० आणि तिसऱ्या वर्षी १०,०००. तीन वर्षांत त्याच्या हातात २,५२,००० रुपये येतात. दुसरा मुलगा शासकीय आयटीआयमध्ये गेला. फी, गणवेश, वह्या-पुस्तके, एस. टी.चा पास असे मिळून दोन वर्षांत २५,००० रुपये लागले. तिसऱ्या वर्षी उमेदवारीत महिना ७,००० प्रमाणे ८४,००० मिळाले. खर्च वजा जाता त्याच्याकडे उरले ५९,०००. दोघांतले अंतर १,९३,००० रुपयांचे. आयटीआयच्या शिक्षणाची खरी किंमत ही आहे, आणि तिच्यात खिशातून गेलेला पैसा फक्त २५,०००, म्हणजे आठवा हिस्सा. बाकी सगळी बुडालेली मजुरी.

आता जमेची बाजू. चौथ्या वर्षापासून आयटीआयवाल्याला गॅरेजवाल्यापेक्षा महिन्याला ३,००० रुपये जास्त मिळत असतील, तर १,९३,००० भरून यायला ६४ ते ६५ महिने लागतात, म्हणजे साडेपाच वर्षांच्या आत. फरक ५,००० चा असेल तर सव्वातीन वर्षांत वसुली होते. एखाद्या मोठ्या कारखान्याने उमेदवारीतच ७,००० ऐवजी १०,००० दिले, तर मूळ अंतर ३६,००० नी घटून १,५७,००० वर येते. आणि प्रमाणपत्र हातात असूनही पगारात काहीच फरक पडला नाही, तर ही रक्कम कधीच परत येत नाही. तेव्हा सगळा हिशेब एकाच प्रश्नावर येऊन ठेपतो: शिकलेल्या आणि न शिकलेल्या मेकॅनिकच्या कमाईत दरमहा किती फरक पडेल, आणि तो कशामुळे पडेल?

फरक कशाने पडतो

तेल बदलणे, ब्रेक सफाई, चाकाचे बेअरिंग, पंक्चर ही कामे दोघेही तितकीच चांगली करतात. गॅरेजवर वाढलेला कदाचित अधिक झपाट्याने करतो. त्यांच्या मजुरीत फरक पडायचे कारण नाही. फरक दिसतो तो दोष शोधताना.

एखादी पेट्रोल कार झटके देते, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागलेला आहे. स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला की 'पी०३०१' असा कोड येतो. त्याचा अर्थ पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, एवढाच. ते प्लगमुळे, इग्निशन कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की कॉम्प्रेशन गेल्यामुळे, हे कोड सांगत नाही. न शिकलेला माणूस इथे अंदाजाने एकेक भाग बदलत जातो आणि गिऱ्हाइकाचे बिल फुगते. शिकलेला माणूस पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवतो आणि दुसऱ्याची पहिल्यावर. मग कोड पुसतो आणि गाडी फिरवून आणतो. आता कोड 'पी०३०२' आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला आहे, कॉइलच खराब. कोड पूर्वीचाच राहिला तर कॉइल ठीक आहे, पुढे प्लग आणि इंजेक्टर तपासायचा. या तपासणीत एकही नवा भाग लागला नाही. थोडक्या वेळात खात्रीचे निदान झाले, आणि गिऱ्हाईक मजुरी देते ती या खात्रीची.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आल्यावर अशा कामाचे प्रमाण झपाट्याने वाढले. बहुतेक दुचाकींवरचा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस त्याआधीच सक्तीचे झाले होते. कानाने आवाज ऐकून कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवणाऱ्या उस्तादांची पिढी अत्यंत कुशल होती, पण तिच्या त्या कौशल्याला नव्या गाडीत जागा उरली नाही. सेन्सरचा व्होल्टेज मल्टिमीटरवर मोजणे, वायरिंगचा नकाशा वाचणे, टॉर्क रेंचने ठरलेल्या दाबाने आणि ठरलेल्या क्रमाने हेडचे बोल्ट आवळणे ही कामे पाहून-पाहून अर्धवटच येतात. शिक्षणाचे पैसे वसूल होतात ते इथे.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ही कुवत पगारात कशी उतरते, तेही पाहण्यासारखे आहे. तिथे ठरावीक पगारावर इन्सेंटिव्ह असतो आणि तो बहुधा मेकॅनिकने केलेल्या जॉब कार्डांच्या लेबरवर मोजतात. दुरुस्त केलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली, तर ते काम पुन्हा करावे लागते आणि त्याचे वेगळे लेबर लागत नाही. चुकीचे निदान करणाऱ्याचा इन्सेंटिव्ह असा महिनाअखेरीस आपोआप घटतो. इथे एक छोटा पण उपयोगी खर्च सांगायला हवा: वाहन चालवण्याचा परवाना. अठरा पूर्ण होताच तो काढलेल्या मुलाला गाडी ट्रायलला नेता येते. नसलेल्याला प्रत्येक वेळी दुसऱ्याची वाट पाहावी लागते, आणि वरच्या कामावर त्याला घेतही नाहीत.

डेंटिंग-पेंटिंगची शाखा या चर्चेत नेहमी मागे पडते, आणि हे योग्य नाही. आयटीआयमध्ये बॉडी दुरुस्ती आणि पेंटिंग यांचेही एकेका वर्षाचे ट्रेड आहेत. अपघाताच्या कामाचे पैसे बऱ्याचदा विमा कंपनी देते, त्यामुळे मजुरीवर घासाघीस कमी होते. रंगाची शेड जुळवणारा चांगला पेंटर शहरात सहजी मिळत नाही. इंजिन पेट्रोलचे असो वा विजेचे, दार चेपले की काम याच माणसाकडे येते. धोका आहे तो फवाऱ्यातल्या रसायनांचा. मास्क आणि बंदिस्त पेंट बूथ नसलेल्या ठिकाणी हे काम वर्षानुवर्षे करणे फुप्फुसांना महाग पडते, आणि तो खर्च कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

महागडे लघुकोर्स

सहा महिन्यांच्या खासगी कोर्सची जाहिरात बहुतेक वेळा 'दोन वर्षे वाया घालवू नका' या सुरात असते. त्याचाही हिशेब मांडून पाहावा. समजा फी ६०,००० रुपये. मुलगा बाहेरगावचा असल्याने पुण्यात खोली आणि मेससाठी महिना ६,००० प्रमाणे सहा महिन्यांचे ३६,००० लागले. याच सहा महिन्यांत तो कामावर असता तर महिना १२,००० मिळवू शकला असता, ते ७२,००० बुडाले. एकूण १,६८,०००. सहा महिन्यांचा हा कोर्स अशा रीतीने शासकीय आयटीआयच्या तीन वर्षांच्या जवळपास जाऊन बसतो. फी कर्जाने भरली तर आणखी भर पडते: ६०,००० रुपये १२ टक्के दराने दोन वर्षांत फेडायचे तर हप्ता २,८२४ रुपयांच्या आसपास येतो आणि व्याजाचे साधारण ७,८०० रुपये जातात.

याचा अर्थ असा कोर्स कधीच घेऊ नये असा नाही. ज्याने आयटीआय केले आहे, दोन-तीन वर्षे हात काळे केले आहेत आणि ज्याला नेमके इलेक्ट्रॉनिक निदान किंवा कॉमन रेल डिझेलचे इंजेक्टर शिकायचे आहेत, त्याला निवडक लघुकोर्स लवकर वसूल होतो. पान्याचे आकारही माहीत नसलेल्या मुलाने तो घेणे मात्र पैशाची नासाडी आहे. त्याच्यासाठी मोफत सरकारी अभ्यासक्रम पुरेसा आहे.

संस्था कोणतीही असो, प्रवेशाआधी तिच्या कार्यशाळेत जाऊन यावे. तिथली इंजिने बीएस-६ ची आहेत की वीस वर्षांपूर्वीची, स्कॅनर कपाटात कुलूपबंद आहे की मुलांच्या हातात, एका इंजिनाभोवती किती मुले उभी राहतात, हे अर्ध्या तासात दिसते. शिकवणारा निदेशक नियमित आहे की जागा रिकामी आहे, हे आधीच्या तुकडीतली मुले सांगतात. शासकीय आयटीआयमध्येही या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक आढळतो. कमी फीच्या समाधानात तो नजरेआड करू नये. 'शंभर टक्के प्लेसमेंट' या आश्वासनावर एकच उलट प्रश्न पुरतो: मागच्या तुकडीतली मुले आज कुठे आणि किती पगारावर आहेत? नाव-पत्त्यासह उत्तर देता न येणाऱ्या संस्थेत पैसे भरू नयेत.

स्वतःचे गॅरेज

बहुतेक मेकॅनिकांच्या मनात शेवटी स्वतःचे गॅरेज असते. तालुक्याच्या गावी दुचाकीचे गॅरेज टाकले, दिवसाला चार गाड्या, गाडीमागे ३०० रुपये मजुरी आणि महिन्याला २५ दिवस काम धरले, तर ३०,००० होतात. ऑइल आणि स्पेअर पार्टवरचे १०,००० धरून ४०,०००. गाळ्याचे भाडे ८,०००, हेल्परचे ८,००० आणि वीज, वेस्ट, पेट्रोल मिळून ३,००० गेले. दरमहा २,००० ची उधारी अडकली. उरले १९,०००. कॉम्प्रेसर, रॅम्प, पान्यांचे सेट आणि स्कॅनर यांसाठी दोन लाखांचे कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले असेल, तर ४,४५० च्या आसपास हप्ता जाऊन हातात साडेचौदा हजार राहतात. त्याच मेकॅनिकला सर्व्हिस सेंटरमध्ये १८,००० मिळत असतील, तर नोकरीच वरचढ ठरते. शिवाय भविष्य निर्वाह निधीत १५,००० मूळ पगारावर मालकाचे १,८०० जमा होतात, आणि २१,००० पर्यंतच्या पगाराला कर्मचारी राज्य विमा योजनेत कुटुंबाच्या उपचारांची सोय असते. गॅरेजमालकाला यातले काही नाही.

चित्र पालटते ते गाड्यांच्या संख्येने. चाराच्या सहा गाड्या झाल्या की भाडे तेच राहून मजुरीत महिना १५,००० ची भर पडते. त्यामुळे गिऱ्हाईक जमण्याआधी मोठा गाळा आणि महागडी लिफ्ट घेणे हीच बहुतेक नव्या गॅरेजांच्या अडचणीची सुरुवात असते. मुद्रा योजनेत ५०,००० पर्यंतचे शिशु आणि पाच लाखांपर्यंतचे किशोर कर्ज मिळते. २०१९ पासून चालू असलेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रकल्प खर्चावर १५ ते ३५ टक्के अनुदान आहे. अर्जदार कोणत्या गटातला आणि गाव ग्रामीण की शहरी यावर ते ठरते. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही.

ट्रॅक्टर दुरुस्तीचा हिशेब मात्र महिन्यावर मांडता येत नाही. ऊस पट्ट्यात पैसे कारखान्याचे बिल निघाल्यावर येतात, सोयाबीन-कापसाच्या भागात माल विकल्यावर. नांगरट आणि पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर एक दिवसही उभा ठेवता येत नाही, म्हणून बांधावर जाऊन दुरुस्ती करणाऱ्याला चांगली मजुरी मिळते. पण ती हाती येईपर्यंतचे चार-सहा महिने काढण्याइतके खेळते भांडवल त्याच्याकडे हवे.

परदेश आणि विजेच्या गाड्या

कोकणातले अनेक मेकॅनिक आखातात जातात. तिथे दहावीच्या प्रमाणपत्राची किंमत वेगळ्याच तऱ्हेने कळते: दहावी न झालेल्या कामगाराला आखाती देशांत नोकरीला जाण्यापूर्वी उत्प्रवासन परवानगी घ्यावी लागते, दहावी झालेल्याला ती लागत नाही. नोंदणीकृत भरती एजंटाने घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी अशी आहे. कोणी लाखभर रुपये मागत असेल, तर ती रक्कम शिक्षणाच्या खर्चात धरण्याऐवजी त्या एजंटाचा नाद सोडावा.

विजेच्या गाड्यांमुळे दुरुस्ती संपेल ही भीती निम्मीच खरी आहे. इंजिन ऑइल, क्लच, स्पार्क प्लग, इंजेक्टर ही कामे त्यांत नाहीत. ब्रेक, सस्पेन्शन, टायर, एसी, बॉडी आहेतच, आणि बॅटरी, कंट्रोलर, मोटर व वायरिंग यांची नवी कामे आली आहेत. विजेच्या दुचाकी बहुधा ४८ ते ७२ व्होल्टच्या असतात. कारच्या बॅटरीत ३०० ते ४०० व्होल्ट असतात आणि तिच्या नारिंगी केबलला बेफिकिरीने लावलेला हात जीव घेऊ शकतो. रबरी हातमोजे, इन्शुलेटेड पाने आणि गाडीतला विद्युतप्रवाह तोडण्याचा क्रम गॅरेजमध्ये चुका करत शिकण्याजोगा नाही, त्याला रीतसर प्रशिक्षणच हवे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक व्हेईकल मेकॅनिकचा स्वतंत्र ट्रेडही आला आहे. आज प्रवेश घेणाऱ्याची कामाची वर्षे तीस-पस्तीस असतील. ज्या अभ्यासक्रमात इंजिन ओव्हरहॉलिंगला भरपूर तास आणि विजेला नावापुरते आहेत, त्याची वसुली आठ-दहा वर्षांतच आटू लागेल, हे प्रवेशाच्या वेळी धरून चालावे.

वर्षानुवर्षे गॅरेजवर काम केलेल्या, कागद नसलेल्या मिस्त्रीसाठी पूर्वअनुभवाला मान्यता देणारी परीक्षा आहे. थोड्या दिवसांचा परिचयवर्ग आणि चाचणी देऊन त्याला प्रमाणपत्र मिळते. फार दिवस मजुरी बुडत नसल्याने हा सर्वांत स्वस्त पर्याय ठरतो. अशा मिस्त्रीने या प्रमाणपत्राला स्कॅनर आणि मल्टिमीटर वापरण्याच्या लघुकोर्सची जोड दिली, तर त्याचा एकूण खर्च एक-दोन महिन्यांच्या कमाईत निघतो.